भावाचा एक-तृतीयांश, बहिणीचा एक-तृतीयांश

मित्रांनो, मी एक अपूर्णांक आहे आणि आता बराच जुना झालो आहे. तुमच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेला असतो तसा मी नाही. मला संगणकाच्या भाषेत घडवलेलं आहे. मुळशी तालुक्यातल्या नांदे गावी, कुशाबांच्या घराच्या वरच्या खोलीत, २००१ साली माझा जन्म झाला.

मला घडवलं वैष्णवीने. ती हिंगोलीची. गणितात एम.एस्सी. करून ती हिंजवडीच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायच्या नोकरीला लागली होती. नांद्याहून कंपनी स्कुटीवर पटकन गाठता यायची, म्हणून तिने कुशाबांची खोली घेतली. कुशाबांनी तेव्हा नुकताच स्लॅब टाकून वर दोन खोल्या काढल्या होत्या. गावात तेव्हा बरेच जण खोल्या काढत होते.

कुशाबा साठीला आलेले शेतकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणत. शाळा चौथीपर्यंतची, पण पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. संध्याकाळी ओट्यावर बसले की ते वैष्णवीला विचारायचे, "साडेतीन सव्वा किती, सांग बरं?" ती बोटं मोजेपर्यंत ते स्वतःच उत्तर सांगून टाकायचे. तिच्या ध्यानात आलं, की आबांच्या मनात पाऊण म्हणजे शून्य दशांश सात पाच नाही. पाऊण म्हणजे पाऊण. त्याला स्वतःचं नाव आहे, अंग आहे.

संगणकाचं तसं नसतं. त्याला एक-तृतीयांश सांगितलं, की तो शून्य दशांश तीन तीन तीन असं मांडत सुटतो आणि जागा संपली की थांबतो. पुढचं शेपूट तो टाकून देतो. वैष्णवीला हे खटकायचं. ती तेव्हा एक नवी संगणक-भाषा शिकत होती. त्या भाषेत आकड्यांच्याही वस्तू करता येत. म्हणून एका सुट्टीत तिने मला केलं.

मी म्हणजे एक साचा. माझ्यातून हवे तेवढे अपूर्णांक काढता येतात. प्रत्येक अपूर्णांक म्हणजे दोन कप्प्यांचा डबा समजा. वरच्या कप्प्यात अंश, खालच्या कप्प्यात छेद. डबा एकदा भरला की त्याचं झाकण पक्कं बसतं, आतला आकडा कुणाला बदलता येत नाही. त्यात दुसरा अपूर्णांक मिळवला तरी जुने दोन्ही डबे जसेच्या तसे राहतात आणि उत्तराचा तिसरा डबा तयार होतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, सगळं मला माझं येतं. दोन-षष्ठांश दिलं तर मी आपणहून त्याला संक्षेप देऊन एक-तृतीयांश करतो. शेपूट तोडत नाही.

वैष्णवीने मला कंपनीत नेऊन आपल्या वरिष्ठांना, दिग्विजयसरांना दाखवलं. त्यांनी मला पाच मिनिटं पाहिलं. म्हणाले, "छान आहे गं, पण स्लो आहे. आपल्या कामाला दोन दशांश स्थळं पुरतात." ती घरी आली आणि तिने मला जुन्या संगणकाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिलं. तीन वर्षं मी तिथेच होतो. मला वाईट वाटलं, असं म्हणता येणार नाही. काम नसेल तर अपूर्णांकाने करायचं काय?

मग २००४ सालचा नोव्हेंबर आला. शेतातलं भात घरात आलं होतं आणि अंगणात आंबेमोहोर वाळत पडला होता. त्याच सुमारास आबांच्या पाच एकरांना गिऱ्हाईक आलं.

ही जमीन आबांचे वडील विठ्ठलराव यांनी स्वतः घेतलेली. ते गेले तेव्हा त्यांना तीन मुलं होती. थोरले कुशाबा, मधले भिवाजी आणि धाकटी चंद्राबाई. चंद्राबाई घोटावड्याला दिलेली. म्हणजे तिघांचा एक-तृतीयांश, एक-तृतीयांश वाटा. पुढे भिवाजीही वारले. त्यांच्या मागे बायको हेमलता आणि सहा लेकरं. म्हणजे भिवाजींच्या वाट्याचे सात भाग. सगळ्या जमिनीत प्रत्येकाला एकविसावा भाग.

कुशाबांनी जुन्या रीतीने आण्यांत मांडून पाहिलं होतं. सोळा आणे म्हणजे पूर्ण जमीन, बारा पै म्हणजे एक आणा. तिघांना पाच आणे चार पै. इथवर चोख बसतं. पण भिवाजीच्या पाच आणे चार पैंच्या पै झाल्या चौसष्ट. "सात नवं त्रेसष्ट," आबा म्हणाले, "एक पै उरती. ऱ्हाऊ दे, देवाला." पाच एकरांतली एक पै म्हणजे गुंठाभर जमीन होते, हे त्या वेळी कुणी बोललं नाही.

जमीन घेणाऱ्यांच्या वतीने नरहरी नावाचा एजंट यायचा. एका रविवारी तो संगणकावर काढलेली हिश्शांची यादी घेऊन आला. सगळे ओट्यावर जमले. हेमलताबाई दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. नरहरीने वाचून दाखवलं. कुशाबा, शून्य दशांश तेहतीस. चंद्राबाई, शून्य दशांश तेहतीस. हेमलता आणि सहा वारस, प्रत्येकी शून्य दशांश शून्य चार. मग खालची ओळ त्याने जरा भरभर वाचली. इतर, शून्य दशांश शून्य सहा.

"सही कुटं करायची?" आबांनी विचारलं.

"थांब दादा," चंद्राबाई म्हणाली. ती मनातल्या मनात जुळवत होती. "तेहतीस नि तेहतीस सहासष्ट. सात चोक अठ्ठावीस. झाले चौऱ्याण्णव. शंभरातले सहा कुनाचे?"

"ते राउंडिंगचं हाय मावशी," नरहरी म्हणाला. "कॉम्प्युटरच करतो. आमच्या प्रोग्रामात दोनच आकडे बसतात, म्होरचे कापले जातात."

"पाच एकरांत शंभराला सहा म्हंजी बारा गुंठं. बारा गुंठं कॉम्प्युटरनं खाल्लं व्हय?"

"रस्त्याला लागत असंल," आबा म्हणाले.

"रस्ता वर येगळा लिवलाय."

खरं सांगायचं तर त्या बारा गुंठ्यांत चंद्राबाईचं स्वतःचं फारसं जात नव्हतं. पाऊण गुंठासुद्धा नाही. जवळपास सगळं नुकसान हेमलताबाईंच्या सात जणांचं होतं. प्रत्येकी साडेनऊ गुंठ्यांहून जास्त यायचे, ते आठावर आले होते. पण हेमलताबाई दिरासमोर बोलत नसत, म्हणून नणंद बोलत होती.

आबांना ते आवडलं नाही. गिऱ्हाईक चांगलं होतं, हातचं जाईल असं त्यांना वाटत होतं. आणि मनात आणखी एक गोष्ट होती, ती आता बाहेर आली. "गावात सगळ्या भैनी हक्क सोडत्यात. सही करून मोकळ्या व्हत्यात. तुला भावाइतकं पायजे, वर हिशेबबी पायजे."

"मला काय बानं रस्त्यावनं उचलून आनली व्हती?"

वैष्णवी जिन्यात उभी होती. तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "आबा, माझ्या मशीनवर बघूया का? त्यात काही कापलं जात नाही." आणि अशी सगळी मंडळी वर आली. तीन वर्षांनी मला हाक आली.

मी माझं काम नीट केलं. एक-तृतीयांश, त्यात एक-तृतीयांश, त्यात सात वेळा एकविसावा भाग. उत्तर एक. नुसतं एक, ना कमी ना जास्त. पाच एकरांच्या दोनशे गुंठ्यांचा एकविसावा भाग विचारला, तेव्हा मी नऊ पूर्णांक अकरा-एकविसांश सांगितलं. चंद्राबाईने हेमलताबाईंकडे पाहिलं. नरहरी खिडकीतून बाहेर बघत होता.

तेव्हा आबा थट्टेच्या सुरात म्हणाले, "एवढं शानं हाय, तर इचार त्याला. माजा वाटा नि चंदीचा वाटा सारका हाय का?"

वैष्णवीने एक डबा कुशाबांच्या नावाने भरला, एक चंद्राबाईच्या. दोन्हींत वर एक, खाली तीन. मग तिने मला विचारलं, हे दोन्ही समान आहेत का? मी उत्तर दिलं. तिने ते विचार करायच्या आधीच मोठ्याने वाचलं.

"नाही म्हणतंय."

मग आबांनी मांडीवर हात मारला. "ऐकलं का? मशीनबी म्हनतंय, भावाचं नि भैनीचं सारकं न्हाई."

चंद्राबाई क्षणभर पडद्याकडे पाहत राहिली. "मशिनीला भैन नसंल," ती म्हणाली आणि जिना उतरून खाली गेली. घोटावड्याकडे जाणारी टमटम मिळेपर्यंत ती रस्त्यावरच थांबली, पुन्हा घरात आली नाही.

आबांनी नरहरीला सांगितलं, पुढच्या रविवारी ये. आणि चंदीला निरोप दे. तिच्या वाट्यातलं अर्धं घे म्हणावं आणि सही कर. मग बघतो, बारा गुंठ्यांचं काय करायचं ते.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. मला जे विचारलं होतं त्याचंच उत्तर मी दिलं होतं. पण तेवढ्याने दोष जात नाही. माझ्या एका उत्तराने एक बाई भरल्या घरातून उठून गेली होती.

वैष्णवीने सोमवारी रजा टाकली आणि माझी एकेक ओळ तपासली. दुपारपर्यंत तिला कळलं. दोन वस्तू समान आहेत का, असं तिने मला ज्या पद्धतीने विचारलं होतं, त्यात संगणक एवढंच पाहतो, की त्या एकाच जागी ठेवलेल्या आहेत का. म्हणजे ती एकच वस्तू आहे का. डबे दोन होते, म्हणून मी नाही म्हटलं. आत काय आहे हे पाहायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. तिने मला तिरकस गुणाकार करून किंमत पडताळायला शिकवलं. मग पुन्हा विचारलं. या वेळी मी हो म्हणालो.

ती खाली गेली. आबा अंगणात भात पायाने उलथवत होते. तिने सांगितलं.

"काल न्हाई म्हनलं, आज व्हय म्हनतंय," आबा म्हणाले. "उद्या काय म्हनंल?"

"आबा, चूक मशीनची नव्हती. माझी होती. मीच त्याला नीट घडवलं नव्हतं."

आबांनी पाय थांबवले. "नरहरीला इचारलं त्या सहाचं, तर म्हनला कॉम्प्युटरची चूक. त्याच्या साहेबाला फोन लावला, तर साहेब म्हनला नरहरीची. तू पैली, जी माजी म्हनतीयास." ते ओट्यावर बसले. "सांग, काय चुकलं."

वैष्णवीने इकडेतिकडे पाहिलं. भात मोजायच्या दोन पायल्या तिथेच पालथ्या पडल्या होत्या. "आबा, या दोन पायल्या एकच आहेत का?"

"एक कशी आसंल? ही लोखंडी, ती पितळी."

"आणि माप?"

"माप सारकंच. न्हाईतर मोजायचं कसं?"

"मी मशीनला विचारलं, पायली एकच आहे का. विचारायला हवं होतं, माप सारखं आहे का."

आबांनी दोन्ही पायल्या उचलून शेजारी शेजारी ठेवल्या. मग म्हणाले, "जा तू, तुजं काम कर." ती वर आली. त्यांनी ऐकलं की नुसतं ऐकून घेतलं, हे तिला कळलं नाही. तो आठवडाभर तिने मला उघडलंही नाही.

रविवारी नरहरी आला. चंद्राबाईही आली. ती सही न करण्याचं ठरवूनच आली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती उभीच राहिली.

"नरहरी," आबा म्हणाले, "यादी बदल."

"आबा, सांगितलं की. दोनच आकडे बसतात."

"मग आकडे नगंतच. हातानं लिव. माज्या नावाम्होरं वर एक, खाली तीन. चंदीच्या नावाम्होरं वर एक, खाली तीन."

"हेमीच्या पोरांचं?" चंद्राबाईने उभ्या उभ्या विचारलं.

"वर एक, खाली एकवीस. सात बाऱ्या लिव. इतर-बितर खोडून टाक."

नरहरीने ऑफिसला फोन लावला. पलीकडचं ऐकून म्हणाला, "साहेब म्हनत्यात, कागद पुन्हा करायला महिना लागंल."

"लागू दे," आबा म्हणाले.

हेमलताबाई उठून आत गेल्या आणि त्यांनी चहा टाकला. चंद्राबाईने तो उभ्यानेच घेतला. नवी यादी आली, सगळ्यांच्या सह्या झाल्या. पण माणसाच्या तोंडून निघालेलं वाक्य यादीतल्या ओळीसारखं खोडता येत नाही. चंद्राबाई सहीपुरती आली आणि मग येईनाशी झाली.

जानेवारीत आबांनी त्या जमिनीतलं शेवटचं भात मोजलं. तीन ढीग केले. एक हेमलताबाईंच्या घरी पोचता केला. एक पोत्यांत भरून टेम्पोत टाकला आणि ते स्वतः घोटावड्याला गेले. परत आल्यावर त्यांनी वैष्णवीला सांगितलं. दारातच चंदीने विचारलं होतं, "मोजून आनलंस?" ते म्हणाले, "व्हय." ती म्हणाली, "बरं केलंस. उतरव." मग तिने त्यांना जेवायला वाढलं.

सह्या करताना हेमलताबाईंनी आपल्या वाट्यातला घराजवळचा तुकडा विक्रीतून वगळून घेतला होता. त्यावर आता आठ खोल्या उभ्या आहेत. हिंजवडीला जाणारी पोरं-पोरी तिथे भाड्याने राहतात.

वैष्णवी २००७ मध्ये लग्न होऊन बंगळूरला गेली. जाताना जुना संगणक हेमलताबाईंच्या घरी ठेवून गेली, पोरांना होईल म्हणून. पोरांनी त्यावर पत्ते खेळले, मग तेही सोडलं. पडद्यावर कापड टाकलं गेलं, कापडावर धूळ बसली. आता नव्या संगणक-भाषांत माझ्यासारखे अपूर्णांक आयते मिळतात. ते माझ्यापेक्षा चपळ आहेत आणि त्यांना तुलना करायला पहिल्या दिवसापासून येते. माझी कुणाला गरज उरली नाही, आणि याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण २०१० च्या उन्हाळ्यात कापड निघालं. हेमलताबाईंची धाकटी मुलगी कॉलेजात संगणक शिकायला लागली होती. जुन्या फायली चाळता चाळता तिने मला उघडलं. वाचत वाचत ती जिथे मी दोन किमतींची तुलना करतो त्या ओळींवर आली आणि थांबली. तिथे, संगणक वाचत नाही आणि फक्त माणसंच वाचतात अशा जागी, वैष्णवीने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलं होतं: 'इथे आधी चूक होती. तिच्यामुळे चंद्रामावशींना भरल्या घरातून उठून जावं लागलं. चूक माझी. वैष्णवी, नोव्हेंबर २००४.'

त्या वेळी ही पोर बारा वर्षांची होती. मोठ्यांचं काहीतरी बिनसलं होतं, एवढंच तिला ठाऊक होतं. तिने आईला हाक मारली आणि ओळ वाचून दाखवली. हेमलताबाई पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. मग त्यांनी सहा वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. बारा गुंठे, यादी, माझं उत्तर, सगळं. त्या इतकं सलग बोलताना मुलीने कधी पाहिलं नव्हतं.

मुलीने घोटावड्याला फोन लावला. "आत्ये, तवा तुझंच बरोबर व्हतं."

"मला ठाव हाय," चंद्राबाई म्हणाली. "चुलीवर भात हाय, ठेव फोन."

मित्रांनो, मी एक साधा अपूर्णांक. तुम्हाला उपदेश करायचा माझा अधिकार नाही, मागणं तेवढं आहे. मोठेपणी तुम्ही कुणी माणसांच्या वाट्याचे आकडे लिहाल, कुणी त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहाल. दोन अंकांपुढचं कापताना, ते कुणाचं आहे हे आधी विचारा. आणि तुमच्या हातून चूक झाली, तर ती गुपचूप खोडू नका. शेजारी तारीख घाला, आपलं नाव लिहा. कुणाला तरी ते वाचायचं असतं.